घरच्या घरी कोंबडीची पिल्ले : पहिले आठ आठवडे

कोंबडीपालन म्हटले की हजारो पक्ष्यांची लांबलचक शेड, लाखांचे भांडवल आणि कंपनीशी करार असे चित्र डोळ्यांपुढे येते. त्यामुळे यंत्रमाग, शिवणकाम, बेकरी किंवा गॅरेजवर पोट असणारा माणूस या धंद्याकडे वळत नाही. परंतु याच धंद्याचा एक छोटा भाग असा आहे की जो घराच्या परसात, ओसरीवर किंवा रिकाम्या पत्र्याच्या खोलीत करता येतो. त्यात घरातील भगिनी आणि मोठी मुले हातभार लावू शकतात. हा भाग म्हणजे एक दिवसाची पिल्ले आणून ती आठ आठवडे सांभाळणे आणि तयार पक्षी विकणे.

खेड्यापाड्यांत परसात दहा-वीस कोंबड्या पाळणारी असंख्य कुटुंबे आहेत. त्यांना एक दिवसाचे पिल्लू परवडत नाही. ते थंडीने मरते, मांजर नेते किंवा मानमोडीत जाते. आठ आठवड्यांचे, अंगावर पूर्ण पिसे आलेले, लस टोचलेले पिल्लू मात्र ती आनंदाने घेतात. अशा वाढत्या माद्यांना बाजारात तलंगा म्हणतात. म्हणजे गिऱ्हाईक आपल्याला पैसे देते ते जोखमीचे आठ आठवडे आपण सांभाळले म्हणून. ही गोष्ट ध्यानात ठेवली तर पुढील सर्व सूचनांचा अर्थ आपोआप कळेल.

किती आणि कोणती पिल्ले?

नवख्या माणसाने पन्नास पिल्लांपासून सुरुवात करावी. शंभर-दोनशे आणण्याचा मोह होतो, पण हात बसलेला नसताना चूक झाली तर ती चौपट महाग पडते. पन्नासच्या दोन तुकड्या नीट निघाल्या की मग संख्या वाढवावी.

ब्रॉयलर, म्हणजे केवळ मांसासाठी वाढवलेली जात, साधारण सहा आठवड्यांत दोन किलोच्या आसपास जाते. पण तिला पूर्ण विकतचे खाद्य लागते आणि उष्णता सोसत नाही. परसातील गिऱ्हाइकाला ती नको असते. आपल्या कामासाठी सुधारित गावरान जाती योग्य. बंगळूरच्या कृषी विद्यापीठाने तयार केलेली गिरिराज आणि हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेच्या वनराज व ग्रामप्रिया या जाती प्रसिद्ध आहेत. साधी गावरान कोंबडी वर्षाला साधारण ६० ते ८० अंडी देते. या जाती चांगल्या सांभाळात त्याच्या दुपटीच्या आसपास जातात. मध्य प्रदेशातील झाबुआ भागातील काळ्या मांसाच्या कडकनाथला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिला भाव चांगला मिळतो, पण वाढ सावकाश होते आणि गिऱ्हाईक ठरावीक असते. म्हणून पहिली तुकडी कडकनाथची नसावी.

पिल्ले घेण्यासाठी पशुसंवर्धन खात्याची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे आहेत. पुण्यात खडकी येथे, तसेच कोल्हापूर, नागपूर आणि औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे ती आहेत. तेथे आगाऊ नोंदणी करावी लागते. खासगी हॅचरीतून घ्यायची असल्यास तीन गोष्टी विचाराव्यात : पिल्ले कोणत्या दिवशी निघाली, मरेक्स रोगाची लस दिली आहे काय, आणि नर-मादी वेगळे केले आहेत काय. वेगळे केले नसतील तर निम्म्याच्या आसपास नर निघणार, हे धरूनच हिशेब करावा.

पिल्लू हातात घेऊन पाहावे. डोळे टपोरे, पाय चकचकीत, बेंबी कोरडी व मिटलेली, शेपटीखालचा भाग स्वच्छ असावा. उताणे केले तर लगेच सरळ होऊन उभे राहावे. झोपाळू आणि ओल्या बेंबीचे पिल्लू स्वस्तात मिळाले तरी घेऊ नये.

जागा आणि गादी

पिल्ले येण्याच्या किमान आठ दिवस आधी खोली रिकामी करून झाडून, धुऊन, चुना मारून वाळवावी. खिडकीला आणि फटींना अर्धा इंची जाळी मारावी. शहरातील वस्तीत मांजरापेक्षा घुशी-उंदरांचा धोका मोठा. एक घूस एका रात्रीत दहा-बारा पिल्ले मारू शकते.

जमिनीवर भाताच्या तुसाची दोन ते तीन इंच जाडीची गादी करावी. तूस न मिळाल्यास वखारीतला कोरडा लाकडी भुसा किंवा शेंगांची टरफले चालतात. फार बारीक भुसा नको, पिल्ले तो खातात. गादीवर पहिले दोन-तीन दिवस कागद अंथरावा. कागद खडबडीत असावा. गुळगुळीत कागदावर पाय घसरून फाकतात आणि पिल्लू कायमचे अधू होते.

जाड पुठ्ठ्याचे किंवा पत्र्याचे दीड फूट उंचीचे गोल कडे करावे. पन्नास पिल्लांना पहिल्या आठवड्यात चार फूट व्यासाचे कडे पुरते. ते गोलच असावे, कारण चौकोनी खोक्याच्या कोपऱ्यात पिल्ले एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरून मरतात. पुढे कडे रुंद करीत जावे. आठव्या आठवड्यात प्रत्येक पिल्लाला एक चौरस फूट जागा लागते, म्हणजे पन्नास पिल्लांना दहा फूट बाय पाच फूट. एवढी जागा नसेल तर पिल्ले कमी आणावीत.

शहरात राहणाऱ्यांनी पालिकेचा नियम विचारून घ्यावा आणि शेजाऱ्यांना आधी कल्पना द्यावी. भाड्याची खोली असल्यास मालकाची संमती घ्यावी. वासावरून झालेल्या भांडणात तुकडी मधेच विकावी लागली तर सगळा हिशेब कोलमडतो.

ऊब : पहिल्या आठवड्याचा प्राण

खुडूक कोंबडी २१ दिवस अंडी उबवते आणि त्यानंतरही कित्येक आठवडे पिल्लांना पंखाखाली घेते. पिल्लाच्या अंगावर लव असते, पिसे नसतात. स्वतःच्या अंगाची उष्णता राखणे त्याला जमत नाही. विकतच्या पिल्लांना आई नाही. तिचे काम आपल्याला दिव्याने करावे लागते.

पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या उंचीवर ३५ अंश सेल्सिअस, म्हणजे ९५ अंश फॅरनहाइट तापमान हवे. नंतर दर आठवड्याला सुमारे ३ अंश सेल्सिअस कमी करीत यावे : दुसऱ्या आठवड्यात ३२, तिसऱ्यात २९, चौथ्यात २६. पिसे आली आणि बाहेरची हवा फार थंड नसली की साधारण चौथ्या-पाचव्या आठवड्यात दिवा बंद करता येतो. उन्हाळ्यात तो आधी बंद होतो, थंडीत उशिरा.

प्रत्येक पिल्लाला दोन वॅट हा ढोबळ हिशेब आहे. पन्नास पिल्लांना १०० वॅट लागतात. पण शंभरचा एकच दिवा लावू नये, साठ-साठचे दोन लावावेत. रात्री एक गेला तरी दुसरा जीव वाचवतो. येथे एक खबरदारी घ्यावी : आता दुकानात बहुधा एलईडी दिवे मिळतात आणि ते पुरेशी उष्णता देत नाहीत. तारेचा जुना पिवळा दिवा किंवा ऊब देणारा खास दिवाच आणावा. खास दिवा जास्त वॅटचा असतो, तो अधिक उंच टांगावा. साधा दिवा सुमारे एक ते दीड फुटावर साखळीने पक्का बांधावा. नुसत्या वायरवर लोंबकळत ठेवलेला दिवा तुसात पडला तर आग लागते.

थर्मामीटर जवळ असावाच, पण खरा थर्मामीटर म्हणजे पिल्ले. ती दिव्याखाली गोळा होऊन चिवचिवाट करीत असतील तर थंडी वाजते आहे. दिवा खाली घ्यावा. कड्याला चिकटून, चोच उघडून धापा टाकत असतील तर उष्णता जास्त आहे. दिवा वर घ्यावा. सगळी एकाच बाजूला सरकली असतील तर दुसऱ्या बाजूने वारा येतो आहे, फट बुजवावी. सगळीकडे सारखी पसरून खात-पीत, झोपत असतील तर ऊब बरोबर आहे. पहिल्या सात रात्री निदान दोनदा उठून हे पाहावे लागते. ज्याची त्याला तयारी नसेल त्याने हा उद्योग सुरू करू नये.

वीज गेल्यास गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून कड्यात ठेवाव्यात आणि वरून अर्धे पोते टाकावे. बंद खोलीत कोळशाची शेगडी मुळीच ठेवू नये. तिच्या विषारी वायूने पिल्ले मरतात आणि त्याच खोलीत झोपणाऱ्या माणसांच्याही जिवाला धोका होतो.

पहिला दिवस

पिल्लाच्या पोटात अंड्यातील बलकाचा शिल्लक भाग असतो. त्यावर ते दोन दिवस काढू शकते, म्हणूनच ते खोक्यातून लांबवर पाठवता येते. पण घरी आल्यावर उशीर नको. उन्हाळ्यात प्रवास रात्रीचा किंवा पहाटेचा ठेवावा. खोके एस.टी.च्या टपावर किंवा बंद डिकीत ठेवू नये.

पिल्ले येण्याच्या काही तास आधी दिवा लावून जागा गरम करून ठेवावी. आल्याबरोबर प्रथम पाणी, नंतर खाद्य. एक लिटर कोमट पाण्यात दोन-तीन चमचे गूळ किंवा ग्लुकोज घालावे. प्रत्येक पिल्लाची चोच एकदा अलगद पाण्यात बुडवून मग त्याला कड्यात सोडावे. एक पिल्लू शिकले की बाकीची पाहून शिकतात, पण मागे राहिलेले दुबळे पिल्लू पाण्यावाचून मरते. दोन तासांनी कागदावर मक्याचा बारीक भरडा पसरावा. संध्याकाळी चार-पाच पिल्लांची गळ्याखालची पोटळी चाचपून पाहावी. ती मऊ व भरलेली लागली तर समजावे की पिल्ले खाऊ-पिऊ लागली आहेत.

पाणी आणि खाद्य

पन्नास पिल्लांना एक लिटरची दोन भांडी पुरतात. उथळ ताटली वापरल्यास तीत स्वच्छ गोटे टाकावेत, नाही तर पिल्ले भिजून गारठतात किंवा बुडतात. भांडी रोज घासावीत. खाद्याच्या साधारण दुप्पट पाणी लागते, उन्हाळ्यात त्याहून जास्त.

दुसऱ्या दिवसापासून पिल्लांचे तयार खाद्य द्यावे. त्यात सुमारे २० टक्के प्रथिने असतात. घरातील शिळा भात, भाकरी व बेकरीचा चुरा फुकट मिळतो म्हणून पिल्लांना तोच घातला जातो. त्याने पोट भरते, पण वाढ होत नाही, पिसे येत नाहीत आणि आठ आठवड्यांचे पिल्लू पाच आठवड्यांचे दिसते. मोठ्या कोंबड्यांना अशी जोड चालते. पिल्लांना पहिले आठ आठवडे तयार खाद्यच हवे. बुरशी आलेले, ओलसर पोते स्वस्तात मिळाले तरी ते विषच समजावे.

एक पिल्लू पहिल्या आठवड्यात रोज सुमारे १० ग्रॅम खाते, चौथ्यात २५ ते ३० ग्रॅम आणि आठव्यात ५० ग्रॅमच्या आसपास. आठ आठवड्यांत एकूण पावणेदोन किलो धरावे. म्हणजे पन्नास पिल्लांना ५० किलोची दोन पोती आणली तर थोडे उरते. खाद्याचे भांडे तिसरा हिस्साच भरावे. काठोकाठ भरले की पिल्ले चोचीने उडवून तुसात घालवतात.

लस : येथे काटकसर करू नये

मानमोडी म्हणजेच राणीखेत हा सर्वांत घातक रोग. मान वाकडी होते, हिरवट हगवण लागते आणि लस नसलेला कळपच्या कळप साफ होतो. या रोगावर औषध नाही, केवळ लस आहे. सर्वसाधारण क्रम असा : पाचव्या ते सातव्या दिवशी राणीखेतची लासोटा लस, डोळ्यात एक थेंब, चौदाव्या दिवसाच्या सुमारास गंबोरो, चौथ्या आठवड्यात लासोटाचा दुसरा डोस, सहाव्या-सातव्या आठवड्यात देवीची लस, आठव्या आठवड्यात राणीखेतचे इंजेक्शन. आपल्या भागातील रोग पाहून पशुवैद्यकीय दवाखान्यातील डॉक्टर यात फेरबदल करतात, म्हणून तुकडी आणण्यापूर्वीच त्यांच्याकडून तारखा लिहून घ्याव्यात.

लस २ ते ८ अंशांत राहिली पाहिजे. दुकानातून थर्मासमध्ये बर्फ घालून आणावी, मिसळल्यावर दोन तासांच्या आत संपवावी, नळाचे क्लोरीनयुक्त पाणी तिच्यासाठी वापरू नये. आजारी पिल्लाला लस देऊ नये. लसीची बाटली शंभर किंवा त्याहून अधिक मात्रांची असते आणि उघडल्यावर शिल्लक ठेवता येत नाही. म्हणून मोहल्ल्यातील दोन-तीन कुटुंबांनी एकाच तारखेची पिल्ले आणावीत. बाटली एक, खर्च तिघांत.

ओली गादी, रक्ती हगवण आणि औषधे

तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात रक्ती हगवण येते. तिचे मूळ ओल्या गादीत असते. रोज तूस हलवावे, पाण्याच्या भांड्याखालचा ओला भाग काढून कोरडे तूस टाकावे. खोलीत शिरताच डोळे चुरचुरले तर समजावे की हवा कोंडली आहे. विष्ठेत रक्त दिसले तर त्याच दिवशी दवाखान्यात विष्ठेचा नमुना न्यावा. याच कारणाने पहिली तुकडी पावसाळ्यात आणू नये. सप्टेंबरअखेर किंवा फेब्रुवारी हा काळ नवख्यांना सोपा जातो.

दुकानदाराने दिलेले प्रतिजैविक 'टॉनिक' म्हणून पाण्यात घालण्याची सवय वाईट आहे. कोलिस्टिन हे औषध तर २०१९ पासून कोंबड्यांसाठी बंद करण्यात आले आहे, कारण ते माणसाच्या उपचारातील शेवटच्या औषधांपैकी एक आहे. औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यावे आणि औषध चालू असलेला पक्षी ठरलेले दिवस उलटल्याशिवाय कापण्यासाठी विकू नये.

एकाएकी बरेच पक्षी मेले तर लपवू नये. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला देशातील कोंबड्यांमधील बर्ड फ्लूची पहिली साथ आली आणि लाखो पक्षी नष्ट करावे लागले. २०२१ मध्येही तेथे तोच प्रसंग आला. सरकारी भरपाई ही खात्याने नष्ट केलेल्या पक्ष्यांसाठी असते. त्यामुळे लवकर कळवण्यातच हित आहे. मेलेले पिल्लू चुना टाकून खोल पुरावे. मेलेला पक्षी मुर्दार. तो स्वस्तात हॉटेलला देणारे धर्म आणि धंदा दोन्ही बुडवतात. पिल्लांना हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत, लहान मुलांकडून तर आवर्जून धुऊन घ्यावेत.

हिशेब कसा मांडावा?

पुढील भाव केवळ उदाहरणासाठी आहेत. आपल्या गावचे भाव घालून हाच हिशेब करावा. समजा, पिल्लू ३० रुपयांना, खाद्य ४० रुपये किलो, लस-वीज-तूस मिळून ६०० रुपये आणि आठ आठवड्यांच्या पक्ष्याचा भाव १५० रुपये.

पहिला प्रकार : पन्नासांतून ४७ जगली. पिल्ले १५०० रुपये, खाद्य ८५ किलो म्हणजे ३४०० रुपये, इतर ६००. एकूण ५५०० रुपये. विक्री ७०५० रुपये. शिल्लक १५५० रुपये.

दुसरा प्रकार : ऊब चुकली, पहिल्याच आठवड्यात १५ मेली. खाद्य ६२ किलोच लागले, म्हणजे २४८० रुपये. एकूण खर्च ४५८०, विक्री ५२५०, शिल्लक ६७० रुपये. नफा निम्म्याहून कमी झाला.

तिसरा प्रकार : ऊब बरोबर होती, पण लस चुकली आणि सातव्या आठवड्यात १५ मेली. तोपर्यंत त्यांनी खाद्य खाल्लेलेच होते. खाद्य सुमारे ८० किलो, म्हणजे ३२०० रुपये. एकूण खर्च ५३००, विक्री ५२५०. पन्नास रुपये पदरचे गेले आणि आठ आठवड्यांची मेहनत फुकट. मानमोडीत पंधरावरच थांबले तर तेही नशीबच.

यावरून दिसते की पिल्लू जितके मोठे होऊन मरते तितके महाग पडते. लसीत वाचवलेले शंभर रुपये सर्व नफा घेऊन जातात. शंभरात पाच-सहा पिल्ले दगावणे धरून चालावे; त्याहून जास्त गेली तर कारण शोधल्याशिवाय दुसरी तुकडी आणू नये. तसेच खाद्य उधारीवर आणू नये. उधारीचा दुकानदार भाव लावतो आणि पक्षी तयार होण्याआधीच विकायला लावतो.

विक्री आधी ठरवा

सहाव्या आठवड्यापासूनच गिऱ्हाईक पाहावे. माद्या आठवडे बाजारात किंवा परसातील कुक्कुटपालकांना जातात, महिला बचत गट एकगठ्ठा घेतात. नर ठेवून घेतल्यास तीन-चार महिन्यांत कापण्याजोगे होतात, पण त्यांच्या खाद्याचा वेगळा हिशेब करावा. श्रावणात आणि नवरात्रात बाजार बसतो, आषाढाच्या शेवटी गटारीला चढतो. रमजानमध्येही मागणी वाढते, मात्र रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. म्हणून विक्रीची तारीख आधी ठरवून उलटे मोजावे आणि मग पिल्लांची नोंदणी करावी. गिऱ्हाइकाला लसीच्या तारखांची चिठ्ठी द्यावी. दुसऱ्या वेळी तोच माणूस स्वतः शोधत येतो.

रोजची पाच कामे

१. सकाळी सर्वप्रथम मोजणी. मेलेले बाहेर काढून वहीत नोंद.
२. भांडी घासून ताजे पाणी.
३. खाद्य मोजून घालणे आणि वजन लिहिणे.
४. गादी हलवणे, ओला भाग काढणे.
५. रात्री झोपण्यापूर्वी दिवा, जाळी आणि पिल्लांचे पसरणे पाहणे.

ही पाच कामे मिळून रोज तास-दीड तास लागतो. ही वही आठ आठवडे न चुकता लिहावी. पहिल्या तुकडीचा नफा थोडा असेल, पण किती पिल्ले कोणत्या दिवशी आणि कशाने गेली हे त्या वहीत राहील. दुसरी तुकडी आणताना तीच वही सर्वांत उपयोगी भांडवल ठरते.